पोसोले: मिरचीकडे नंतर बघू, आधी मका

डॅलसहून एका ताईंनी विचारलंय ते थोडक्यात असं. शेजारच्या मेक्सिकन कुटुंबाकडे १५ सप्टेंबरच्या रात्री, म्हणजे त्यांच्या स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या रात्री, पोसोले, म्हणजे टपोऱ्या मक्याचा आणि मांसाचा मेक्सिकन रस्सा, खाल्लं आणि फार आवडलं. मग घरी करून पाहिलं: डब्यातला हॉमिनी (साल काढलेला) मका, पोर्क शोल्डर आणि दुकानातली तयार मिरचीपूड. रस्सा पाण्यासारखा झाला, कडवट लागला आणि मका नुसताच चिवट, बेचव. सासूबाई डुक्कर खात नाहीत, ती एक अडचण. शिवाय डिसेंबरात पुण्याला जायचंय, तिथे माहेरच्यांना करून घालायचंय. तर काय चुकलं आणि पुण्यात काय वापरायचं?

मी शिकागोत रेस्टॉरंटच्या किचनमध्ये काम करतो. इथल्या किचनमध्ये काम करायचं म्हणजे मेक्सिकन माणसांच्या खांद्याला खांदा लावून करायचं, आणि माझ्या आजूबाजूला बहुतेक गेरेरो आणि मिचोआकान या राज्यांतली माणसं. पोसोले मी त्यांच्याकडूनच शिकलो, तेही ग्राहकांसाठी नाही, स्टाफच्या जेवणासाठी करताना. लाल चांगलं की हिरवं, वरून कोबी घालायचा की लेट्यूस, यावर त्यांची तासन्‌तास जुंपते. मका हा पोसोलेचा मालक आहे, यावर मात्र कुणाचं दुमत नाही. मांस कमी पडलं तर चालतं, मिरची वेगळी असली तर चालते. दाणा फुलला नाही तर ते पोसोले नाही, मक्याचे दाणे घातलेला रस्सा आहे. तुमच्या तीनपैकी दोन तक्रारी मक्याच्या आहेत, एक मिरचीची. मांसाचा दोष जवळपास नाहीच.

आधी दाणा फुलणं म्हणजे काय ते सांगतो. पोसोलेचा मका आपल्या भाजून खायच्या कणसाचा नाही, स्वीट कॉर्न तर अजिबात नाही. मध्य मेक्सिकोत यासाठी काकावासिन्त्ले नावाची जात लावतात. तोलुकाच्या खोऱ्यात आणि नेवादो दे तोलुका या ज्वालामुखीच्या उतारावर ती भरपूर पिकते. दाणा पांढरा, टपोरा, अंगठ्याच्या नखाएवढा. गेरेरो आणि मोरेलोसमध्ये आंचो नावाची दुसरी रुंद दाण्याची जात वापरतात. दोन्हींत महत्त्वाचं ते आतलं पीठ. आपल्याकडच्या पिवळ्या मक्यात कडक, काचेसारखा चकाकणारा भाग जास्त असतो. या जातींत जवळजवळ सगळा दाणा मऊ, भुसभुशीत पिठाचा. दाणा मधोमध कापून बघा, आत खडूसारखा पांढरा दिसेल. हे पीठ पाणी पिऊन फुगतं, दाणा टोकाकडून उलगडतो आणि पाकळ्या उघडल्यासारखा होतो. त्यातलं थोडं पीठ रश्शात उतरतं, म्हणून खऱ्या पोसोलेच्या रश्शाला अंग असतं. ते मैदा किंवा कॉर्नफ्लोअर लावून येत नाही.

पण नुसता उकळून दाणा फुलत नाही. साल आडवी येते. तिथे चुना लागतो.

चुन्याच्या पाण्यात मका शिजवायची युक्ती मेसोअमेरिकेतली, म्हणजे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या पट्ट्यातली, आणि फार जुनी. ग्वाटेमालाच्या दक्षिण किनाऱ्यावर मिळालेले तिचे पुरावे तीन हजार वर्षांहून जुने आहेत. मक्याचं मूळही त्याच पट्ट्यातलं. गेरेरोतून वाहणाऱ्या बाल्सास नदीच्या खोऱ्यात तेओसिंते नावाच्या रानगवतापासून सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी माणसाने मका घडवला. गेरेरोची माणसं पोसोलेबद्दल इतक्या ताठ मानेने बोलतात, त्यांना तो हक्क आहे असं मला वाटतं.

चुना दोन कामं करतो. एक डोळ्यांना दिसतं: सालीला धरून ठेवणारा चिकट भाग विरघळतो आणि साल बोटाने चोळली की निघते. दुसरं दिसत नाही. मक्यात नायसिन, म्हणजे ब-३ जीवनसत्त्व असतं, पण बांधलेल्या स्वरूपात, आपलं पोट ते सोडवून घेऊ शकत नाही. चुना ते मोकळं करतो. मका युरोपात गेला, युक्ती मागे राहिली आणि ज्या गरिबांचं पोट मक्यावरच होतं त्यांना पेलाग्रा झाला: कातडीवर चट्टे, जुलाब, शेवटी बुद्धीभ्रम. स्पेनच्या आस्तुरियास भागात गास्पार कासाल या वैद्याने १७३५ मध्ये त्याचं वर्णन लिहून ठेवलं. अमेरिकेच्या दक्षिणेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हजारो माणसं याने गेली. हा संसर्ग नसून आहारातली उणीव आहे हे जोसेफ गोल्डबर्गरने दाखवलं, आणि नायसिनचा धागा १९३७ मध्ये कॉनराड एल्वेयेमने जुळवला. आपल्याकडे दख्खनच्या ज्वारीच्या पट्ट्यातही पेलाग्रा होता. हैदराबादच्या पोषण प्रयोगशाळेत गोपालन आणि श्रीकांतिया यांनी १९६० च्या सुमारास त्याचा अभ्यास करून ज्वारीतल्या ल्युसिन या अमिनो आम्लाकडे बोट दाखवलं होतं. मेक्सिकोत मात्र मका, चुना आणि जोडीला घेवडा खाणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या या रोगापासून दूर राहिले. रसायनशास्त्र कुणाला ठाऊक नव्हतं, पण चुना कुणी वगळला नाही.

आता तुमच्या डब्याकडे येऊ. डब्यातला हॉमिनी साल काढून, पूर्ण शिजवून, बंद करूनच येतो. त्यातलं पीठ कारखान्यातच सुटून गेलेलं असतं आणि डब्यातल्या पाण्याबरोबर तुम्ही ते सिंकमध्ये ओतता. म्हणून रस्सा पातळ राहिला. वर तो तुम्ही मांसाबरोबर पहिल्यापासून दोन-अडीच तास उकळला असणार. त्याने तो आणखी मऊ होत नाही, उलट त्याचा होता तो वासही जातो. डबाच वापरायचा असेल तर मका चाळणीत नीट धुवा आणि शेवटच्या अर्ध्या-पाऊण तासात घाला. त्यातली मोठी वाटीभर बाजूला काढून रश्शातच मिक्सरला बारीक वाटा आणि परत पातेल्यात सोडा. एवढ्यानेही रस्सा बराच सावरतो. मेक्सिकोतल्या हालिस्को राज्यातल्या बायकाही हे करतात, यात फसवणूक काही नाही.

पण तुम्ही डॅलसला आहात, डब्यावर का थांबता? कुठल्याही मोठ्या मेक्सिकन किराणा दुकानात मटणाच्या काउंटरजवळच्या फ्रिजमध्ये बघा. चुन्यातून काढलेला, अर्धवट शिजलेला ओला मका पिशवीत मिळतो, नाताळच्या आसपास तर ढीग लागलेला असतो. घाई असेल तर माझी पसंती त्याला. फक्त शिजवायचा बाकी असतो आणि फुलतोही छान. वाळक्या मक्यात दोन प्रकार दिसतील आणि इथे लोक हमखास गोंधळतात. सालीसकट असेल त्याला चुना लागतो. पाकिटावर ‘पेलादो’ किंवा ‘देस्काबेसादो’ लिहिलेलं असेल तर साल आधीच काढलेली आहे. तो रात्रभर भिजवून तसाच शिजवायचा, चुना घालायचा नाही. पेरूचा राक्षसी दाण्याचा मोते पेलादो त्याच शेल्फवर असतो. तो दिसायला झकास, शिजतोही, पण त्याची चव वेगळी. मी पोसोलेला घेत नाही.

सालीचा मका मिळाला तर असं करा. अर्धा किलो मका निवडून धुवा. मोठ्या स्टीलच्या पातेल्यात दोन-सव्वादोन लिटर पाणी घ्या आणि त्यात खायचा चुना, तिकडे ‘काल’ म्हणून पांढऱ्या पुडीत मिळतो तो, चहाचे दोन सपाट चमचे घाला. वजनाने हे पाच-सहा ग्रॅम होतात, मक्याच्या एक टक्क्याच्या जरा वर. पातेलं अल्युमिनियमचं किंवा हिंडालियमचं बिलकूल नको, चुना ते खातो आणि पाणी काळपट होतं. स्टील किंवा इनॅमल घ्या. पाणी गढूळ राहील, तळाशी चुना बसेल, घाबरू नका. चुना गार पाण्यात जेमतेम लिटरला पावणेदोन ग्रॅम विरघळतो आणि उकळत्या पाण्यात त्याहून निम्मासुद्धा नाही. वरचा तळाशी पडून असतो आणि लागेल तसा विरघळत जातो. म्हणून चिमूटभर जास्त पडला तर मका बिघडत नाही. कमी पडला तर मात्र साल सुटत नाही.

मका घालताच पिवळाधमक होतो. कुणी हळद घातली असं वाटावं इतका. हीच खूण. मंद आचेवर वीस मिनिटांनी एक दाणा काढून पाण्याखाली धरा आणि दोन बोटांत चोळा. साल बुळबुळीत होऊन सरकली की गॅस बंद. नाही सरकली तर दहा मिनिटं अजून द्या. झाकून तासभर राहू द्या. मग ते पिवळं, चुन्याचा वास मारणारं पाणी ओतून द्या (तिकडे याला नेहायोते म्हणतात) आणि मका मोठ्या भांड्यात घेऊन दोन्ही तळहातांनी चोळत धुवा. साली वर तरंगतील, त्या ओता, परत पाणी, परत चोळा. पाणी स्वच्छ येईपर्यंत आणि दाणा जिभेला झोंबेनासा होईपर्यंत. पिवळेपणा बराचसा जातो. चुना डोळ्यांत जाऊ देऊ नका, हाताला चीर असेल तर हातमोजे घाला.

यानंतरचं काम सगळ्यांत कंटाळवाणं आणि सगळ्यांत महत्त्वाचं. दाण्याचं खालचं टोक, जिथे तो कणसाला चिकटलेला असतो, तिथे एक कडक तपकिरी टोपी असते. ती काढायची. माझ्याबरोबर गेरेरोतल्या चिलापाचा एक वयस्कर स्वयंपाकी होता. तो बादली दोन पायांत धरून बसायचा, डाव्या हाताने मूठभर दाणे घ्यायचा आणि उजव्या अंगठ्याच्या नखाने टकटक टोप्या उडवायचा, बोलणं चालूच, हाताकडे नजरही नाही. टोपी राहिलेला दाणा तो रागाने दाखवायचा: पीठ फुगतं, पण टोक बांधलेलं, मग तो बाजूने फुटतो आणि चिखल होतो. टोपी काढली की टोकाकडूनच उलगडतो. घरी हे काम चारचौघांना बसवून करायचं, मेक्सिकोतही तसंच करतात. कंटाळा आला तर निम्मे तरी काढा. कुणी बघत नसलं तरी वाटीत ओळखू येतं.

आता शिजवणं. टोपी काढलेला मका भरपूर साध्या पाण्यात, एक अख्खा लसणाचा गड्डा आणि अर्धा कांदा घालून मंद उकळत ठेवा. मीठ नाही. फुलायच्या आधी मीठ पडलं तर दाणा आखडतो असं तिकडच्या प्रत्येक बाईचं म्हणणं आहे, आणि त्यांच्याशी वाद घालावा असं मला कधी वाटलं नाही. दोन-अडीच तासांनी टोकं उघडायला लागतात, जुना मका असेल तर चार तास घेतो. पाणी कमी झालं तर उकळतंच घाला. प्रेशर कुकर चालतो. स्टीलचा घ्या, पाऊण तास ठेवा, मग झाकण काढून उरलेलं फुलणं उघड्यावर होऊ द्या. बंद कुकरात दाणा शिजतो, पण शेवटचं उलगडणं बघत बघतच करावं, नाहीतर लगदा होतो. अर्ध्या किलोचा शिजून सव्वा ते दीड किलो होतो, दहा माणसांना पुरतो.

मांस. तुम्ही शोल्डर घेतलं, ते वाईट नाही, पण एकटं पुरत नाही. शोल्डरला मांस असतं, रश्शाला लागणारा चिकटपणा नसतो. तो येतो डोकं, पाय आणि कण्याच्या हाडांतून. पारंपरिक पोसोलेत डुकराचं डोकं असतंच, आणि गालाचा तुकडा कुणाच्या वाटीत जातो यावरून घरातला मान कळतो. घरी एवढं नको असेल तर एक किलो शोल्डरला दोन उभे चिरलेले पाय आणि अर्धा किलो मानेची हाडं घ्या. मका उघडायला लागला की हाडं-पाय घाला, फेस काढत राहा, तासाभराने शोल्डरचे मोठे तुकडे. काट्याने सहज सुटायला लागलं की मांस बाहेर काढून जाडसर तोडा आणि परत सोडा. आता मीठ, आणि जरा सढळ हाताने, कारण एवढा मका मीठ पिऊन टाकतो.

सासूबाईंसाठी कोंबडी. ही तडजोड समजू नका, कोंबडीचं पोसोले मेक्सिकोत घरोघरी होतं. फक्त बिनहाडाचे ब्रेस्ट पीस आणू नका. कातडीसकट मांड्या आणि पाव किलो कोंबडीचे पाय घ्या. पाय रश्शात तासभर उकळून काढून टाका, सासूबाईंना दाखवायची गरज नाही. मांड्या शेवटच्या चाळीस मिनिटांत. मक्याचं पातेलं एकच ठेवून मांस घालायच्या आधी दोन भाग केले तर दोन्ही बाजू खुश. आणि घरात कुणी शाकाहारी असेल तर अळंब्यांचं पोसोलेही आता मेक्सिको सिटीत सर्रास मिळतं. धिंगरी अळंबी हाताने उभी फाडून, तेलावर चांगली परतून घालायची. फुललेला मका असला की ते दुबळं लागत नाही.

मांसाचा विषय निघाला की इंटरनेटवरचा एक किस्सा कुणीतरी सांगतंच: पोसोले पूर्वी माणसाच्या मांसाचं होतं. त्यात जे खरं ते एवढं. सोळाव्या शतकातले फ्रान्सिस्कन पाद्री बर्नार्दिनो दे साआगुन यांनी नाहुआत्ल, म्हणजे अझ्टेकांची भाषा, बोलणाऱ्या लोकांकडून माहिती घेऊन मोठा ग्रंथ तयार केला. त्यात शिपे तोतेक या देवाच्या उत्सवात बळी दिलेल्या कैद्याचं मांस मक्याबरोबर शिजवत, त्याला त्लाकात्लाओल्ली म्हणत आणि वाटीत मांसाचा एक तुकडा घालत, असा उल्लेख आहे. तो विधी होता, काही मोजक्या लोकांपुरता, वर्षाच्या ठरावीक सणाला. मका आणि मांस एकत्र शिजवणं मात्र रोजच्या आयुष्यातलं होतं आणि त्यासाठी टर्की होती, कुत्रे होते. डुक्कर स्पॅनिश लोकांनी आणलं. ‘चव सारखी म्हणून डुक्कर आलं’ हे वाक्य जेवणाच्या टेबलावर फार चालतं, पण ती चव ताडून बघणारा साक्षीदार कुणी पुढे करत नाही.

आता कडवटपणा. तुम्ही मिरचीपूड थेट रश्शात टाकली. अमेरिकेत ‘चिली पावडर’ म्हणून जे विकतात त्यात बहुतेक वेळा जिरं, लसूणपूड, ओरेगानो मिसळलेलं असतं, ते टेक्साससाठी ठीक. लाल पोसोलेला, म्हणजे हालिस्को आणि मिचोआकानकडच्या प्रकाराला, अख्ख्या वाळक्या मिरच्या लागतात: ग्वाहीयो रंगासाठी आणि जराशा आंबटसर चवीसाठी, आंचो (मक्याच्या जातीचं नावही तेच, पण ही मिरची) गोडसर, मनुक्यासारख्या वासासाठी. अर्धा किलो मक्याला आठ ग्वाहीयो, तीन आंचो. देठ आणि बिया काढा, शिरा ओरबाडा. तव्यावर प्रत्येक बाजू दहा-पंधरा सेकंद, फुगून वास सुटला की लगेच काढा. कडूपणा इथेच शिरतो. एक मिरची जळली तर ती टाकून द्या, सगळ्या वाटणात एकटी पुरेशी असते. गरम पाण्यात वीस मिनिटं भिजवा, ते पाणी चाखून बघा, कडू असेल तर फेका. लसणाच्या चार पाकळ्या घालून गुळगुळीत वाटा आणि चाळणीतून गाळा. गाळायचा कंटाळा करू नका, सालीचे कपटे घशात अडकतात. मग थोडी चरबी किंवा तेल तापवून हे वाटण त्यात तेल सुटेपर्यंत परता, रंग विटकरी गडद होईल, आणि मग रश्शात. परतल्याशिवाय घातलेलं वाटण कच्चं आणि कडवट लागतं. हे मराठी माणसाला वेगळं सांगायची गरज नाही, पण पाककृतींच्या पुष्कळ व्हिडिओंत ही पायरी गाळलेली असते. जिरं, धणे, गरम मसाला यांतलं काहीही नाही. हात शिवशिवेल, आवरा.

गेरेरोची माणसं लाल पोसोलेला नाक मुरडतात. त्यांच्याकडे पांढरं आणि हिरवं. पांढऱ्यात रश्शाला मिरची नाहीच, तिखट वरून घ्यायचं. कोल्हापूरच्या ताटात तांबडा आणि पांढरा रस्सा शेजारी असतात तसं इथेही खाणाऱ्यांचे दोन पक्ष. हिरवं माझं आवडतं: भोपळ्याच्या बिया तव्यावर तडतडेपर्यंत भाजून वाटायच्या, त्यात तोमातियो (हिरव्या टोमॅटोसारखं आंबट फळ), हिरव्या मिरच्या, एपासोते हा उग्र वासाचा पाला, ओहा सांता या सुगंधी झाडाचं एखादं पान, एक आंबट पाला, आणि हे सगळं चरबीत परतून पांढऱ्या रश्शात सोडायचं. बियांचं तेल वर येतं, रस्सा दाट आणि मवाळ होतो. गेरेरोत गुरुवार हा पोसोलेचा वार. चिल्पान्सिंगो, चिलापा, अकापुल्को इथल्या पोसोलेरियांत, म्हणजे पोसोलेच्या खानावळींत, गुरुवारी दुपारपासून टेबलं भरतात, सोबत मेस्काल या दारूचे छोटे ग्लास. ऑफिसं त्या दिवशी लवकर सुटतात अशी तक्रार माझ्या सहकाऱ्यांनी हसत हसत बरेचदा सांगितली आहे. त्यात तक्रारीचा सूर कमीच होता.

वाढताना वाटीत फक्त मका, मांस आणि रस्सा द्या, बाकी सगळं टेबलावर. कोबी किंवा लेट्यूस अगदी बारीक चिरलेलं, लाल मुळ्याच्या पातळ चकत्या, कच्चा कांदा, लिंबं, तिखट पूड किंवा आर्बोल मिरचीची झणझणीत चटणी, ओरेगानो, आणि तोस्तादा, म्हणजे मक्याची कुरकुरीत पोळी. मेक्सिको सिटीत तोस्तादाला क्रीम लावतात. गेरेरोत वर चिचारोन, म्हणजे तळलेली डुकराची कातडी, आणि अवोकाडो येतो, किनाऱ्याकडे पांढऱ्या पोसोलेत डब्यातली सार्डिनसुद्धा. ओरेगानो वाटीवर धरून दोन तळव्यांत चोळायचा, शिजवताना घालायचा नाही. तोही मेक्सिकन हवा. त्याचं झाड घाणेरीच्या कुळातलं आहे, पिझ्झावरच्या ओरेगानोचं पुदिन्याच्या कुळातलं, आणि वासात तो फरक कळतो. या वरच्या सामानाला सजावट समजून कमी करू नका. मका जड, रस्सा चरबीचा, त्याला कच्च्या कुरकुरीत पाल्याची आणि आंबटाची तोड लागतेच.

पुण्याचं सांगतो. मिरची आणि लिंबू ही चिंता नाही. ग्वाहीयोच्या जागी ब्याडगी बेधडक वापरा, रंग उत्तम, तिखटपणा माफक. संकेश्वरी किंवा लवंगी घातली तर ते पोसोले राहणार नाही, ती वरच्या चटणीला ठेवा. आंचोला आपल्याकडे पर्याय नाही. चार-पाच इथूनच बॅगेत न्या, वाळक्या मिरच्या हलक्या असतात. लिंबू तर तिकडचं आणि आपलं कागदी लिंबू एकाच जातीचं. स्पॅनिश लोकांनी ते अमेरिकेत नेलं, त्याचं मूळ आशियातच. लाल मुळा नाही मिळाला तर कोवळा पांढरा मुळा चालेल, चकत्या थोडा वेळ गार पाण्यात ठेवा म्हणजे उग्रपणा जाईल. तोमातियो शोधत बसू नका. हिरव्या पोसोलेला कच्चे हिरवे टोमॅटो आणि थोडा अंबाडीचा पाला लावा, आंबट पाल्याचं काम तो चोख करतो.

खरी अडचण मक्याची. पुण्याच्या बाजारातला पिवळा वाळका मका बहुतेक कडक दाण्याचा असतो. तो चुन्यात साल सोडतो, शिजतो, चवीला चांगला लागतो, पण फुलत नाही, जेमतेम तडकतो. पॉपकॉर्नचा मका तर त्याहून कडक, त्याच्या वाटेला जाऊ नका. पांढरा मका मिळवा. दाहोद-पंचमहाल आणि दक्षिण राजस्थानात तो रोटल्यासाठी पिकतो, गुजराती किराणा दुकानदाराला सांगून ठेवलं तर आणून देतो. तोही काकावासिन्त्ले नाही, पण पिवळ्यापेक्षा बरा. या मक्याला चुन्यात पाऊण ते एक तास उकळा आणि रात्रभर तसाच ठेवा, नंतरच्या शिजण्यालाही जास्त वेळ धरा. आणि एक गोष्ट पक्की: बियाण्याच्या दुकानातला मका कधीही आणू नका. त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं, गुलाबी किंवा लालसर रंग दिसतो, धुऊन तो खाण्यालायक होत नाही. सगळ्यांत सोपं म्हणजे किलोभर वाळका पेलादो मका डॅलसहूनच न्या.

चुना पानवाल्याकडचा चालेल का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. पानाला लावायचा साधा पांढरा चुना हाच पदार्थ आहे, फक्त ओला. पाणी धरून वजनाने दुप्पट घ्यावा लागतो. त्यात सुगंध, रंग, मलई असलं काही नाही याची खात्री करून घ्या. भिंतीला लावायचा चुना नको, आणि कळीचा चुना तर मुळीच नको, पाणी लागताच तो उसळतो आणि भाजतो. तिकडची पांढऱ्या पावडरची पुडी बॅगेतून न्यायचा विचार असेल तर मूळ पाकिटातच न्या. विमानतळावर सुट्या पांढऱ्या पुडीचं स्पष्टीकरण देत उभं राहण्यात मजा नाही.

मटणाचं करू का, असंही माहेरचे म्हणतील. बोकडाचं मांस पारंपरिक पोसोलेत नाही आणि त्याचा वास मक्यावर चढतो, म्हणून माझं मत कोंबडीला. पुण्यात पोर्कची दुकानं आहेत, पाय मागून घेतले तर मिळतात. मटणच हवं असा हट्ट असेल तर पाय आणि नळ्या जास्त घ्या, मांस कमी, आणि लाल प्रकार करा, हिरवा नको.

पाहुणे संध्याकाळी येणार असतील तर मका आदल्या दिवशीच फुलवून, मीठ न घालता, त्याच्याच पाण्यात फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी मांस आणि वाटण. रात्रभरात मका रस्सा पितो, त्यामुळे गरम करताना पाणी घालावं लागतं आणि मीठ पुन्हा चाखावं लागतं. जास्तीचा फुलवलेला मका डब्यांत भरून फ्रीझरला टाका, पुढच्या वेळी टोप्या काढायला कुणाला बसवावं लागणार नाही.